जुन्या शहरातील जामा मशीद कशी अभ्यासावी

एखाद्या जुन्या शहरात तेथील जामा मशीद, म्हणजे शुक्रवारच्या सामुदायिक नमाजाची मुख्य मशीद, केव्हा बांधली गेली असे विचारले, तर बहुतेक वेळा एकच साल सांगितले जाते. ते चुकीचे असते असे नाही, पण पुष्कळदा ते इमारतीच्या एखाद्याच भागाला लागू पडते. विजापूरच्या जामा मशिदीचे बांधकाम पहिल्या अली आदिलशाहाने १५७६ च्या सुमारास सुरू केले, तिचा मिहराब (मक्केच्या बाजूच्या भिंतीतील कोनाडा) मुहंमद आदिलशाहाच्या कारकिर्दीत १६३६ मध्ये मलिक याकूत याने सजवला, आणि १६८६ मध्ये शहर जिंकल्यावर औरंगजेबाने पूर्वेच्या बाजूला भर घातली. यांपैकी कोणतेही एक साल सांगून ती मशीद सांगून होत नाही. त्यामुळे अशा इमारतीचा अभ्यास करताना पहिला हेतू तिच्यातील काळाचे थर वेगळे ओळखणे हा असावा. पुढील मार्गदर्शन दख्खन आणि खान्देशातील मशिदींपुरते आहे, कारण उत्तरेकडील किंवा गुजरातेतील इमारतींच्या खुणा बऱ्याच वेगळ्या आहेत आणि त्या येथे जशाच्या तशा लावल्या तर घोटाळाच अधिक होतो.

जाण्यापूर्वी

मशीद वापरात आहे की नाही, ती भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या किंवा राज्य पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत आहे की नाही, आणि तिची व्यवस्था कोणाकडे आहे, या तीन गोष्टी आधी माहीत करून घ्याव्यात. वापरातील मशिदीत मुतवल्ली (व्यवस्थापक) किंवा विश्वस्तांची परवानगी घ्यावी आणि आपण काय पाहणार आहोत, किती वेळ थांबणार आहोत हे स्पष्ट सांगावे. नमाजाच्या वेळा, विशेषतः शुक्रवारची दुपार, पूर्णपणे टाळावी. पादत्राणे सहनाच्या (उघड्या अंगणाच्या) कडेलाच काढावीत, नमाज पढणाऱ्याच्या समोरून जाऊ नये, आणि हौजाचे पाणी वुजूसाठी (नमाजापूर्वी हातपाय धुण्यासाठी) आहे हे लक्षात ठेवून त्यात हात घालण्याआधी विचारावे. स्त्रियांच्या प्रवेशाचे आणि छायाचित्रणाचे नियम मशिदीगणिक बदलतात, म्हणून तेही आधीच विचारलेले बरे.

संरक्षित वास्तूत कोरीव लेखावर खडू, पीठ किंवा पाणी लावून अक्षरे उठावदार करण्याची जुनी सवय अजून काही हौशी अभ्यासकांत आढळते. ती दगडाला घातक आहे, आणि संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास २०१० च्या दुरुस्तीनंतर कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. लेख वाचण्यासाठी बाजूने, अगदी तिरका पडणारा विजेरीचा प्रकाश पुरतो. सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर सूर्यप्रकाशही तेच काम करतो.

सोबत होकायंत्र, मोजपट्टी, चौकटी आखलेली वही आणि पेन्सिल असावी. छायाचित्रे शेकडो काढता येतात, पण हाताने काढलेला ओबडधोबड आराखडा डोळ्यांना जे पाहायला लावतो ते कॅमेरा लावत नाही.

दिशा आणि मांडणी

आत शिरताच सजावटीकडे वळू नये. आधी किब्ल्याची, म्हणजे मक्केच्या दिशेची, भिंत शोधावी. मक्केची दिशा दख्खनमधून साधारण पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेली आहे: बऱ्हाणपूरहून हा झुकाव सुमारे सात अंश, तर विजापूरहून तेरा-चौदा अंशांचा येतो. जुन्या बांधकामात ही दिशा आजच्या गणिताइतकी काटेकोर असेलच असे नाही, आणि अनेक मशिदी सरळ पश्चिमेकडे तोंड करून आहेत. तरीही भिंतीचा कोन नोंदवण्यात फायदा असतो, कारण आवारातील एखादी ओवरी, दरवाजा किंवा कबर मुख्य भिंतीशी वेगळा कोन करत असेल, तर ती वेगळ्या वेळी बांधली गेल्याची शक्यता लगेच पुढे येते.

यानंतर मांडणी पाहावी. नेहमीची रचना अशी की पश्चिमेला नमाजाचे दालन, त्यासमोर उघडे सहन, सहनात हौज आणि दोन किंवा तीन बाजूंना ओवऱ्या. हा साचा मनात पक्का असला की त्यातून सुटलेली इमारत चटकन उठून दिसते. गुलबर्ग्याच्या किल्ल्यातील १३६७ ची बहमनी जामा मशीद हे त्याचे ठळक उदाहरण आहे: तिला उघडे सहन नाहीच, सगळा विस्तार लहान-मोठ्या घुमटांनी छावलेला आहे, आणि बाहेरच्या बाजूंच्या कमानी रुंद असून अगदी खालून उठतात. तेथील लेखात वास्तुकार म्हणून कझवीनच्या रफी याचे नाव येते. हा प्रयोग दख्खनमध्ये पुढे फारसा गिरवला गेला नाही. असे का झाले याची अनेक स्पष्टीकरणे दिली जातात. माझ्या मते त्यांतील एकही निर्णायक नाही, आणि नोंद करताना फक्त वस्तुस्थिती लिहून थांबणे अधिक योग्य आहे.

पाण्याची व्यवस्था मात्र बारकाईने पाहावी, कारण तिच्यातून काळाविषयी अनपेक्षित माहिती मिळते. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात नहर, म्हणजे पाण्याची वाहिनी, आणली. बऱ्हाणपुरात अब्दुर्रहीम खानखानानच्या काळात, १६१५ च्या सुमारास, पाण्याचे भूमिगत भंडारे खोदले गेले. बऱ्हाणपूरची जामा मशीद त्याआधी सुमारे पंचवीस वर्षे उभी होती. अशा शहरात मशिदीच्या हौजाला खापरी नळ जोडलेला दिसला, तर हौज आणि नळ एकाच वेळचे धरण्याआधी आवारात जुनी विहीर आहे का, हौजाच्या भिंतीत नळासाठी नंतर पाडलेले भोक दिसते का, हे तपासावे.

खण मोजणे आणि घुमट वाचणे

नमाजाच्या दालनाचे वर्णन खणांत करावे. चार खांबांमधली जागा म्हणजे एक खण. किब्ल्याच्या भिंतीला समांतर किती खण आहेत आणि सहनापासून मिहराबापर्यंत खोलीला किती आहेत, एवढे मोजले की इमारतीचा सांगाडा हाती येतो. विजापूरचे दालन नऊ खण रुंद आणि पाच खण खोल आहे, म्हणजे एकूण पंचेचाळीस. त्यांपैकी मधले नऊ खण एकाच मोठ्या घुमटाखाली घेतले आहेत आणि उरलेल्या छत्तीसांवर बुटके घुमट आहेत, जे छपराच्या जाडीत लपलेले असल्यामुळे बाहेरून दिसत नाहीत.

नऊ खण एकत्र करायचे म्हणजे मधले चार खांब काढून टाकायचे. ते काढल्यावर चौकोनी जागेवर गोल घुमट बसवायचा कसा, हा प्रश्न प्रत्येक घुमटाच्या इमारतीपुढे असतो आणि त्याचे उत्तर ज्या पद्धतीने दिले आहे ती पद्धत इमारतीची घराणेओळख ठरते. सर्वांत साधा उपाय म्हणजे चारही कोपऱ्यांत आडव्या कमानी टाकून चौकोनाचा अष्टकोन करणे. विजापूरच्या कारागिरांनी वेगळा मार्ग घेतला. मधल्या चौकोनाच्या प्रत्येक बाजूला दोन-दोन मधले खांब उरतात. या आठ खांबांवरून उठणाऱ्या कमानी एकमेकींना छेदत वर जातात, जणू दोन चौकोन एकमेकांवर तिरके ठेवले आहेत, आणि त्यांच्या छेदातून वर अष्टकोन तयार होतो. कमानींमधले भाग आत झुकत येत असल्यामुळे त्यांचे वजन आतल्या बाजूला राहते आणि घुमटाच्या बाहेर ढकलणाऱ्या जोराला ते विरोध करते. हीच युक्ती पुढे १६५६ च्या गोल घुमटात, कितीतरी मोठ्या मापावर, वापरली गेली. मशिदीत घुमटाखाली उभे राहून वर पाहताना आधी घुमटाच्या कडेखाली नजर ठेवावी, तेथून एकेक कमान खाली खांबापर्यंत उतरवत आणावी आणि मग तिचा आराखडा वहीत काढावा. एकदा हे हाताने काढले की आदिलशाही इमारत पुन्हा ओळखायला अडचण पडत नाही.

घुमटाच्या बाहेरच्या आकारावरूनही काळाचा अंदाज बांधता येतो, मात्र तो अंदाजच असतो. बहमनी काळातील घुमट बहुतेक साधे अर्धगोल आणि बसके असतात. आदिलशाही घुमटाच्या मानेभोवती उभ्या पाकळ्यांचा वेढा येतो आणि पुढे पुढे घुमट त्यातून उमलल्यासारखा फुगीर होत जातो. सगळ्याच मशिदींना घुमट असतो हा समजही सोडून द्यावा. बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीला घुमट नाही. दालनाचे छत वरून सपाट आहे, दर्शनी बाजूला टोकदार कमानींची लांबच लांब रांग आहे आणि दोन्ही टोकांना उंच मिनार आहेत. विजापूरच्या मशिदीत याच्या उलट परिस्थिती आहे: पूर्वेकडे दोन मिनार करण्याचा विचार होता, पण ते पूर्ण झाले नाहीत.

कमानींबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. पाकळ्यांची, म्हणजे कडेला अर्धगोल कापे असलेली कमान दिसली की ती मोगल काळातील असे लिहून टाकण्याची घाई होते. शाहजहानच्या काळापासून ती मोगल इमारतींत सर्रास दिसते हे खरे. परंतु विजापूरच्या जामा मशिदीच्या दर्शनी नऊ कमानींपैकी मधल्या कमानीलाही पाकळ्या आहेत, आणि ती आदिलशाही आहे. एका खुणेवरून काळ ठरवू नये. कमान, घुमटाची मान, छज्जा आणि दगडकाम अशा निदान तीन खुणा एकाच काळाकडे बोट दाखवत असतील तरच तसे लिहावे.

दगड, चुना आणि सांधे

भिंत कधी वाढवली गेली हे सांगणारी सर्वांत विश्वासार्ह गोष्ट म्हणजे सांधा. एकाच वेळी बांधलेल्या दोन भिंती कोपऱ्यात एकमेकींत गुंतलेल्या असतात, एका भिंतीचा दगड दुसरीत शिरतो. नंतर जोडलेली भिंत जुन्या भिंतीला नुसती टेकते आणि दोहोंमध्ये वरपासून खालपर्यंत सरळ उभी भेग दिसते. गिलाव्यामुळे ही भेग झाकलेली असेल तर छपरावर, मागच्या बाजूला किंवा जिन्याच्या पोटात पाहावे, कारण तिकडे गिलावा बहुधा कमी असतो. दगडांच्या थरांची उंची एका बाजूला बदलत असेल, किंवा खालचा चौथरा वरच्या भिंतीच्या रेषेत नसेल, तर तेही नोंदवावे. अलीकडचे थर ओळखणे सोपे आहे: सिमेंटचे ठिगळ, तैलरंग, फरशी, पत्र्याची शेड. त्यांच्याकडे तुच्छतेने पाहू नये. वापरातील इमारत दुरुस्त होत राहते आणि त्या दुरुस्त्याही तिच्या इतिहासात मोडतात.

दख्खनचा काळा पाषाण कठीण असल्यामुळे नाजूक नक्षी बऱ्याच ठिकाणी दगडावर न करता चुन्याच्या गिलाव्यात केलेली असते, आणि गिलावा दर काही पिढ्यांनी नवा होतो. म्हणून गिलाव्यातील वेलबुट्टीवरून भिंतीचे वय काढणे धोक्याचे आहे. दगडातच कोरलेली नक्षी पाहायची असेल, तर पूर्वीच्या अहमदनगरातील, म्हणजे अहिल्यानगरातील, सोळाव्या शतकातली दमडी मशीद अवश्य पाहावी. आकाराने ती लहान आहे, परंतु कोरीव कामात मोठ्या मशिदींना मागे टाकते.

जुन्या मंदिरांचे खांब वापरले आहेत का, हा प्रश्न हमखास निघतो आणि त्याचे उत्तर उत्साहाने देण्यापेक्षा पुराव्याने द्यावे. दौलताबादच्या किल्ल्यातील १३१८ ची जामा मशीद आणि विजापुरातील १३२० ची करीमुद्दीनची मशीद या दोन्हींत असे खांब उघड दिसतात. करीमुद्दीनच्या मशिदीवरील लेखात तर सालोटगीच्या रेवोया नावाच्या स्थानिक कारागिराचे नावही आहे. असा पुनर्वापर ओळखण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत: शेजारशेजारचे खांब वेगवेगळ्या घडणीचे असतात, उंची जुळवण्यासाठी एकावर एक तुकडे चढवलेले असतात, एखादा तुकडा उलटा बसलेला असतो, किंवा कोरीव पट्टी भिंतीत अर्धवट गाडलेली असते. यांपैकी काहीच नसताना केवळ कमळ, पूर्णघट किंवा साखळीची नक्षी दिसली म्हणून तो खांब मंदिरातला ठरत नाही. ती नक्षी येथील पाथरवटांच्या हातातच होती आणि नवीन काम करतानाही त्यांनी तीच कोरली.

लेख आणि कालगणना

लेख कोठे सापडतील याचा क्रम साधारण ठरलेला आहे: मुख्य दरवाजाच्या माथ्यावर, मिहराबाच्या वर किंवा बाजूला, मिनाराच्या तळाशी, आणि हौजाच्या काठावर. प्रत्येक अरबी मजकूर ऐतिहासिक नसतो. बहुतेक मजकूर कुराणातील आयती किंवा कलमा असतो. बांधणाऱ्याचे नाव, राजाचे नाव किंवा आकडा दिसला तर तो ऐतिहासिक लेख समजून त्याचे पूर्ण छायाचित्र घ्यावे आणि फारसी-अरबी वाचणाऱ्या जाणकाराकडे द्यावे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने अशा लेखांची वाचने १९०७ पासून प्रसिद्ध केली आहेत, त्यामुळे आपला लेख आधीच वाचला गेला असण्याची शक्यता पुष्कळ असते.

हिजरी वर्ष चांद्र असल्याने ते सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. हिजरी आकड्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले की इसवी सन जवळजवळ मिळतो. एखाद्या वर्षाचा फरक पडू शकतो, म्हणून महिना माहीत नसेल तर दोन इसवी सनांची जोडी लिहावी. मराठी मुलखातील कागदांत हिजरीखेरीज शुहूर सन येतो, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. फसली सनात ५९० किंवा ५९१. शकात ७८ आणि पौष ते फाल्गुन या काळात बहुधा ७९ मिळवावेत, विक्रम संवतातून तसेच ५७ किंवा ५६ वजा करावेत.

हे गणित करून पाहायला बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीइतकी चांगली जागा नाही. खान्देशच्या फारुकी घराण्यातील आदिलशाहाने (हा विजापूरचा नव्हे) बांधलेल्या या मशिदीत अरबी लेखासोबत नागरी लिपीतील संस्कृत लेख आहे. तो सृष्टिकर्त्याला नमन करून सुरू होतो, फारुकी राजांची वंशावळ देतो आणि नंतर पंचांगाच्या तपशिलासह तिथी सांगतो. अरबी लेखातील साल हिजरी ९९७ आहे: ९९७ गुणिले ०.९७ म्हणजे सुमारे ९६७, त्यात ६२२ मिळवले की १५८९. संस्कृत लेखात विक्रम संवत १६४६ आणि शके १५११, महिना पौष, आणि ही तिथी जानेवारी १५९० मध्ये पडते. दोन्ही आकडे बरोबर असूनही ते एकाच दिवसाचे नाहीत, कारण हिजरी ९९७ हे वर्ष नोव्हेंबर १५८९ मध्येच संपले होते. एकाच मशिदीतल्या दोन लेखांत एवढे अंतर असेल, तर शहरातील दोन वेगवेगळ्या मशिदींच्या सालांत पाच-दहा वर्षांचा फरक पाहून पूर्वापर क्रम लावताना किती जपून राहावे लागते, हे वेगळे सांगायला नको. याच मशिदीत अकबराच्या खान्देशातील आगमनाची नोंद करणारा, मीर मासूमचा फारसी लेखही आहे. त्याचे साल मशिदीचे साल नव्हे; तो बांधून झालेल्या इमारतीवर नंतर कोरलेला आहे.

काही लेखांत आकडा नसतो आणि वर्ष शब्दांत लपवलेले असते. अबजद पद्धतीत प्रत्येक अरबी अक्षराला किंमत असते, अलिफ १, बे २, जीम ३, दाल ४ याप्रमाणे चढत चढत गैन १००० पर्यंत, आणि लेखाच्या शेवटच्या ओळीतील ठरावीक शब्दांची बेरीज केली की वर्ष निघते. दरवाजावरील ७८६ हा आकडा मात्र वर्ष समजू नये. ती ‘बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम’ या शब्दांची अबजद बेरीज आहे. हिजरी ७८६ धरले तर इसवी १३८४ येते आणि बहमनी काळात ते नेमके शोभूनही दिसते, म्हणूनच ही चूक टिकून राहते.

कागदपत्रे आणि ऐकीव माहिती

लेख नसलेल्या मशिदीसाठी कागदांकडे वळावे लागते. दख्खनमधील पुष्कळ मशिदींना दिवाबत्ती, खतीब (शुक्रवारचे प्रवचन देणारा) आणि मुल्ला यांच्यासाठी इनाम जमिनी होत्या, आणि राज्य बदलल्यावर नव्या सत्तेने त्या इनामांच्या नव्या सनदा दिल्या. त्यामुळे मशिदीचा इतिहास फारसी फर्मानांइतकाच मोडी कागदांतही असतो. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तर आणि इनाम कमिशनचे कागद यासाठी पाहण्यासारखे आहेत. मोडी वाचता येत नसल्यास गावाचे नाव, मशिदीचे नाव आणि इनामदाराचे घराणे अशी माहिती घेऊन जावे, म्हणजे शोध आटोक्यात राहतो. एकोणिसाव्या शतकातील जिल्हा गॅझेटियरही उपयोगी आहेत, परंतु त्यांतील इमारतींची वर्णने विश्वसनीय आणि उगमकथा स्थानिकांकडून ऐकलेल्या, हा भेद वाचताना करावा.

कथा ऐकताना टाकून देऊ नयेत आणि इतिहास म्हणूनही लिहू नयेत. मजुरांनी रोज एकेक दमडी बाजूला काढून अहमदनगरची दमडी मशीद उभारली, ही कथा मशिदीच्या नावाबद्दल लोकांना काय वाटत आले हे सांगते. मशिदीतून किल्ल्यापर्यंत भुयार जाते ही कथा तर जवळजवळ प्रत्येक गावात ऐकायला मिळते. तेथे फक्त भुयाराचे तोंड दाखवावयास सांगावे, बहुधा ते जुन्या नळाचे किंवा तळघराचे निघते, आणि तेवढी नोंदही कामाची असते.

टिपण लिहिताना प्रत्येक विधानापुढे त्याचा आधार लिहावा: लेखातील, बांधणीत दिसलेले, कागदातील, की ऐकलेले. विजापूरच्या जामा मशिदीच्या टिपणात पूर्वेकडील दरवाजा ‘औरंगजेबाची भर’ आणि जमिनीवर रंगाने आखलेल्या, मुसल्ल्याच्या (नमाजाच्या आसनाच्या) आकाराच्या सुमारे सव्वादोन हजार चौकटी ‘आदिलशाही पतनानंतरच्या’ अशा वेगळ्या ओळींत याव्यात. त्या चौकटींच्या जागी पूर्वी मखमली गालिचे होते आणि ते नेले गेले, ही गोष्ट तिसऱ्या ओळीत, ‘सांगतात’ या शेऱ्यासह. मिहराबावरील सोनेरी रंगकामाला १६३६ ची स्वतंत्र ओळ द्यावी, आणि त्यात रंगवलेले कोनाड्यांतील ग्रंथ, फुलदाण्या, मिनार व साखळ्या यांची यादी करावी, कारण अशी रंगचित्रे दख्खनच्या मशिदींत क्वचितच इतकी टिकली आहेत आणि पुढच्या अभ्यासकाला किती भाग उरला होता हे त्या यादीवरूनच कळणार आहे. आराखड्यावर उत्तर दिशा, मापाची पट्टी आणि पाहणीची तारीख टाकून एक प्रत मशिदीच्या व्यवस्थापकांकडे द्यावी. पुढे दुरुस्ती निघेल तेव्हा जुना सांधा कोठे होता हे त्यांना त्यातूनच दाखवता येईल.